परतीच्या पाइपातलं भोक

कैलास,

परवा तुझी खोली रिकामी केली. सोनपेठहून तुझे वडील आले होते, एकटेच. गादी, कुकर, पुस्तकं, खिडकीत वाळत घातलेला तुझा टॉवेल, सगळं मी आणि काकांनी मिळून बांधलं. तिथं मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तू गेल्यावर मी जेवढा रडलो तेवढा माझ्या आजोबांच्या वेळीही रडलो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला तुझं काही वाटतच नव्हतं.

विभागाच्या भित्तिपत्रकासाठी सरांनी तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. "तू जवळचा मित्र, तूच लिही," असं म्हणाले. तेही मी लिहून देईन. हुशार होतास, कुणाच्याही मदतीला धावायचास, सगळ्यांना हसवायचास. यातलं काहीच खोटं नाही. पण तो लेख तुझ्याविषयी असेल. हा तुला आहे.

पहिल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी भिंतीला चिकटून उभा राहायचो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बरणीतल्या प्राण्याचं नाव माहीत असायचं, पण ते इंग्रजीत म्हणायची वेळ आली की जीभ जड व्हायची. तू मागे उभा राहून हळूच पहिलं अक्षर सांगायचास. नाव पूर्ण सांगत नव्हतास, फक्त अक्षर. पुढचं मी म्हणायचो आणि सरांना वाटायचं मला येतं. मग खरंच यायला लागलं. मी त्या बाकांवर टिकलो तो तुझ्यामुळे, हे मी कुणासमोरही सांगेन. म्हणून तर परवापासून काही सुचत नाही.

परभणीत, तुझ्या खोलीत समुद्राचे मासे पाळायचे, ही कल्पना तुझी. नुसते मासे नाही, जिवंत प्रवाळ. आपण दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. तू तर गोदावरीलाच आमचा समुद्र म्हणायचास. मी पेडगावला घरी सांगितलं तेव्हा माझे बाबा म्हणाले, "खाऱ्या पाण्यातले मासे हायत ना? मग आपल्या बोअरचं पाणी ने की. त्यापरीस खारं कुठं मिळायलंय?" आपण दोघंही लय हसलो होतो. आणि तू मात्र खरंच ते पाणी बाटलीत मागवून प्रयोगशाळेत तपासलंस. "भाग्या, ह्यात सगळं हाय, फक्त समुद्र न्हाई," असं म्हणालास. मग जारचं शुद्ध पाणी आणि पुण्याहून मागवलेलं खास मीठ, असं ठरलं.

नुसती टाकी पुरणार नाही, खाली सम्प लागेल, हेही तूच वाचून काढलंस. खालच्या टाकीला सम्प म्हणतात, हे कळल्यावर वर्गातली पोरं रोज विचारायची, "काय बे, तुमचा संप मिटला का न्हाई?" काचवाल्याकडून टाकी बनवून आणली, आत काचेच्या भिंती बसवून तीन कप्पे केले. वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी एका पाइपानं खाली यायचं. पहिल्या कप्प्यात कापूस त्यातली घाण धरायचा, दुसऱ्यात दगड आणि फेस काढणारं यंत्र, तिसऱ्यात मोटार. ती मोटार स्वच्छ झालेलं पाणी दुसऱ्या पाइपानं परत वर चढवायची. पहिली भिंत आपण उलटी चिकटवली आणि ब्लेडनं खरवडून काढताना तुझा अंगठा कापला. तरी तू शिट्टी वाजवत होतास.

भांडण झालं ते परतीच्या पाइपावरून. त्याचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेलं. लाईट गेली की मोटार थांबणार आणि तोच पाइप उलटा पाणी ओढायला लागणार. वरची टाकी रिकामी होणार, खालची भरून सांडणार. आणि परभणीत लाईट जाते, हे कुणाला सांगायला नको.

"वॉल बसवू," तू म्हणालास. "विहिरीच्या मोटारीला असतो तसला. पाणी वर जाईल, खाली येणारच न्हाई."

"वॉल अडकतो," मी म्हणालो. "आमच्या बोअरचा दर साली अडकतो. एवढासा खडा आला की नीट बसतच न्हाई."

"इथं कुठला खडा आलाय बे? हे काय पेडगावचं रान हाय का?"

"मीठ तर हाय ना. ते साचंल."

एवढं बोलायला मला किती धीर करावा लागला होता, तुला कळलं नसेल. तोवर मी तुझ्या कशालाच नाही म्हणालो नव्हतो. मग मी फवारणीच्या ड्रमचं सांगितलं. घरी ड्रममधून नळीनं पाणी काढताना नळीचं वरचं टोक जरा पाण्याबाहेर आलं, हवा शिरली, की धार लगेच तुटते. म्हणून परतीच्या पाइपाला पाण्याच्या रेषेखाली, अगदी जवळ, बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरेल आणि धार तुटेल. वॉल नको, काही नको.

"अन् ते भोक बुजलं तर?"

"मी साफ करीन. दर आठवड्याला सुई घालून."

तू उठून गॅस पेटवलास आणि चिमट्यात खिळा धरून तापवायला लागलास. भोक मी पाडलं. पाइप वितळल्याचा वास खोलीभर झाला होता.

पाणी भरून झाल्यावर तू बटण बंद केलंस. आपण दोघं खालच्या टाकीसमोर उकिडवे बसलो. पाणी चढत गेलं. कप्प्यांच्या भिंती बुडाल्या. तू माझा दंड घट्ट धरला होतास. काठाच्या थोडं खाली येऊन पाणी थांबलं आणि वर पाइपातून बुडबुड असा आवाज आला, हवा शिरल्याचा. "भाग्या, तू तर इंजिनियर निघालास की गड्या!" असं ओरडत तू मला उचललंस. नंतर चहाच्या टपरीवर भेटेल त्याला सांगत सुटलास. माझ्या डोक्यातली गोष्ट बरोबर निघाली आणि ती चारचौघांत कुणीतरी सांगतंय, असं माझ्या बाबतीत त्याआधी कधी झालं नव्हतं. रात्री घरी फोन करून मी आईलाही सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण ती खूश झाली.

मग मासे आले. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची जोडी, थर्माकोलच्या खोक्यातून ट्रॅव्हल्सनं. प्रवाळाचे दोन दगड आले. बत्ती लावली की ते हळूहळू उमलायचे आणि आपण जेवण सोडून बघत बसायचो.

त्यानंतर माझ्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते म्हणून मी पेडगावला गेलो. तिथं तुझा फोन आला. "ये लवकर," एवढंच बोललास.

मी आलो तेव्हा तू टॉवेलनं फरशी टिपत होतास. गादी भिजलेली. जमिनीवर ठेवलेल्या वायरीच्या बोर्डात पाणी शिरून तो जळालेला, म्हणून लाईट आल्यावरही मोटार सुरू झाली नव्हती. तू दिवसभर कॉलेजात होतास. वरच्या टाकीतलं पाणी खूप उतरलं होतं आणि प्रवाळ दगडाला ओल्या चिंध्यांसारखे चिकटले होते. मासे तू स्टीलच्या ताटलीत काढून ठेवले होतेस.

"भोक बुजलं होतं, भाग्या," तू म्हणालास. "मिठानं. जाताना सुई घातली न्हाईस ना?"

मी घातली होती. म्हणजे, घातली होती असं मला वाटत होतं. पण तू विचारलंस आणि मला नीट आठवेना. सुई हातात घेतल्याचं आठवत होतं. भोकात घातल्याचं आठवत होतं का? मी गप्प राहिलो आणि तेच उत्तर झालं.

"पाइप कुठंय?" मी विचारलं.

"कापून फेकला. आता बघून काय करायलास?" मग तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "जाऊ दे. होतं असं. मी काय रागावलो का तुझ्यावर?"

नाही रागावलास. त्यानंतर तर तू माझ्याशी आधीपेक्षाही चांगलं वागायला लागलास. चहा तूच पाजायचास. माझं जर्नल लिहून द्यायचास. विभागात तशीच मोठी टाकी बसवायची असं सरांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी आपल्या दोघांना बोलावलं होतं. तू म्हणालास, "सर, पाइपांचं काम मी बघतो. भागवतला नको, तो जरा घाबरलाय." मी मान हलवली. खरंच घाबरलो होतो. मी काचा पुसल्या, माशांच्या नावांच्या पाट्या लिहिल्या. टाकी सुरू झाली तेव्हा टाळ्या तुझ्यासाठी वाजल्या आणि सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

घरीसुद्धा मी तसाच झालो. बोअरचा स्टार्टर बिघडला की आधी मीच उघडायचो. त्या वर्षी बाबांना म्हणायला लागलो, तुम्हीच बघा. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, परत परत जाऊन बघायचो. बाबा एकदा चिडून म्हणाले, "शिकायला गेलास अन् होतं नव्हतं तेवढंबी विसरून आलास का?" मी त्यांना काय सांगणार? एकदाच मला एखाद्या गोष्टीची खात्री होती आणि तिनंच दोन जीव घेतले, असं मी धरून चाललो होतो.

विभागाच्या टाकीत परतीच्या पाइपाला तू वॉल तर बसवलासच, पण पाण्याच्या रेषेखाली बारीक भोकही पाडलंस. ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, माझं मन राखायला पाडलं असेल. मला त्या वेळी भरून आलं होतं, कैलास. आज त्याची लाज वाटते. माझी की तुझी, ते कळत नाही.

दवाखान्यातून तू फोन केलास तेव्हा आवाज बसला होता, पण बोलत होतास. डेंग्यू आहे, उतरेल म्हणालास. "विभागाच्या टाकीत पाणी कमी झालं असंल. गोडं टाक. मिठाचं न्हाई बरं, वाफ फक्त पाण्याची होते." मी म्हणालो माहीत आहे. मग तू परीक्षेचं बोललास, जेवणाला चव नाही म्हणालास, माझ्या बहिणीच्या लग्नात नाचणार म्हणालास. वेळ होता तुझ्याकडे. तो शेवटचा फोन मी मनात कितीदा पहिल्यापासून ऐकला आहे. त्यात कुठंतरी थांबून तू काही सांगायला बघत होतास का, ते शोधतो. नाही सापडत.

परवा सामान बांधताना घरमालकीण मावशी चहा घेऊन आल्या. काका बाहेर रिक्षा बघायला गेले होते. मावशी उंबऱ्यातच बसल्या आणि डोळ्याला पदर लावून बोलायला लागल्या.

"लय गुणाचं पोरगं रे. एक शब्द उलटा बोललं न्हाई कधी. त्या टाकीचा आवाज यायचा बघ, सारखं फुर्र फुर्र, अन् भिंतीच्या अलीकडं माझा पलंग. मी म्हणले, बाबा, तेवढं बंद कर, झोप न्हाई मला. तर तिथल्या तिथं एमसील आणलं. इथंच बसून मळलं. 'मावशी, आता झोपा निवांत,' म्हणला."

"कशाला लावलं एमसील, मावशी?"

"त्या पाइपाला म्हणे भोक होतं. तिथून पाणी उडायचं, त्याचा आवाज. तू गावाकडं गेलता बघ तवा. अन् नशीब बघ, दुसऱ्याच दिवशी सगळं पाणी सांडलं. माझी धान्याची गोणी भिजली."

माझ्या हातात तुझा कुकर होता. तो मी खाली ठेवला. परत उचलला. मावशी कप घेऊन गेल्या. आपण काय सांगून गेलो हे त्यांना माहीतही नाही.

काका आले आणि दोरीला गाठ मारता मारता म्हणाले, "भागवत, एक बोलू का? ती पहिली टाकी तुझ्या हातनं सांडली म्हणून मनाला लावून घेऊ नको. कैलास घरी आला की सांगायचा. पर राग नव्हता त्याच्या मनात. 'चुकलं त्याचं, पण मी माफ करून टाकलं,' म्हणायचा. लय मोठं मन होतं पोराचं."

कैलास, तू मावशींसाठी भोक बुजवलंस. ते मी समजू शकतो. आवाज होताच, मीही ऐकला होता. मी गावाकडे गेल्यावरही तो येत होता, म्हणजे भोक मोकळं होतं, म्हणजे मी सुई घातली होती. मला फोन केला असतास तर मी सांगितलं असतं की भोक जरा खाली घे, आवाज थांबेल. पाणी सांडलं, मासे मेले, तेही समजू शकतो. पण खोलीत एकटा असताना तू तो पाइप कापलास. मग मी आलो आणि तू मला सुईचं विचारलंस. हे घाबरून झालं म्हणावं, तर त्यानंतर वर्ष गेलं. गावी जाऊन तुझ्या आई-वडिलांना सांगायची काय गरज होती? तिथं तुला कोण विचारत होतं? आणि माफी? जी चूक मी केलीच नाही तिची माफी तू मला घरोघर वाटत होतास.

तो चहा, ते जर्नल, खांद्यावरचा हात. आता मला यातलं एकेक काढून तपासावं लागतं, यातलं मैत्रीचं किती आणि धाकधुकीचं किती. प्रॅक्टिकलच्या वेळी तू सांगितलेलं पहिलं अक्षर तरी मला तसंच ठेवायचं आहे. ते त्याच्या कितीतरी आधीचं आहे. त्याला मी हात लावणार नाही.

कधीकधी वाटतं, मी बरोबर निघालो हेच तुला जड गेलं असेल. लगेच वाटतं, असं मेलेल्या माणसाविषयी वाटून घेऊ नये. तू असतास तर मी तोंडावर विचारलं असतं. खरं सांगायचं तर, कदाचित नसतंही विचारलं. पण विचारायची सोय तरी राहिली असती.

स्टँडवर सोनपेठची गाडी लागायची होती. काका गाठोड्यावर बसले होते. मी म्हणालो, "काका, ते भोक बुजलं नव्हतं. मी जाताना साफ करून गेलो होतो."

त्यांनी वर पाहिलं. "म्हंजे? मग कैलास तसं का म्हणायचा?"

तुझे डोळे त्यांच्यासारखेच आहेत, हे मला तेव्हाच दिसायचं होतं. आख्खं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्यात एमसील होतं, मावशी होत्या, कापलेला पाइप होता.

"त्याला तसं वाटलं असंल, काका," मी म्हणालो. "लाईट गेली होती. अशा वेळी काय झालं ते कुणालाच नीट कळत न्हाई."

"आसंल," ते म्हणाले. मग म्हणाले, "मग तुझं काही चुकलं नव्हतं म्हण की."

"न्हाई."

"मी सांगतो घरी. त्याच्या आईलाबी सांगतो." मग त्यांनी माझा हात धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं झालं नाही. मी तुझ्या वडिलांशी खोटं बोललो, तेही तुझ्यासाठी, आणि ते त्यांनी लगेच खरं मानलं. तुझं खोटं मीही असंच लगेच मानलं होतं.

आज सरांनी विभागात बोलावलं. टाकी कुणाकडे द्यायची हा प्रश्न होता. पाणी टाकण्यापुरतं मी जातच होतो, पण पाइप, मोटार, खालची टाकी, सगळंच आता कुणीतरी बघायला हवं. तुझ्याविषयी मी त्यांना काही सांगितलं नाही आणि सांगणार नाही. ते तूच सांगायचं होतंस. मी फक्त म्हणालो, "सर, मी बघतो."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागचं सगळं त्यांनाही ठाऊक आहे, म्हणजे तू सांगितलंस तेवढं. "जमेल का रे?" ते म्हणाले.

"जमत होतं, सर."

त्यांना ते कळलं नसावं. किल्ली दिली आणि आपल्या कामाला लागले. तुला कळलं असतं.

भागवत